काळ्या यादीतला दिग्दर्शक

माणसाचे तोंड बंद करावयाचे असेल तर त्याला तुरुंगातच टाकावे लागते असे नाही. त्याचे काम काढून घेतले आणि ते दुसरीकडे कोठेही मिळणार नाही अशी व्यवस्था केली, तरी तेवढ्याने भागते. या दुसऱ्या उपायाला न्यायालय लागत नाही, आरोपपत्र लागत नाही, शिक्षेची मुदतदेखील ठरवावी लागत नाही. महिन्याच्या पगारावर ज्यांचे घर चालते त्या आपल्यासारख्यांना या शिक्षेचे स्वरूप समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत जन्मलेला, फ्रान्समध्ये नावारूपाला आलेला आणि ग्रीसमध्ये अखेरचा श्वास घेणारा चित्रपट दिग्दर्शक जूल्स डॅसिन याने ही शिक्षा भोगली. ती भोगत असतानाच त्याने ‘रिफीफी’ हा चित्रपट निर्माण केला. दरोड्याच्या कथेवरील चित्रपटांत आजही त्याचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते.

१९५५ साली प्रदर्शित झालेल्या या फ्रेंच चित्रपटाची ओळख त्यातील एका प्रसंगामुळे सर्वत्र आहे. चार चोर पॅरिसमधील जवाहिऱ्याचे दुकान फोडतात आणि सुमारे अर्धा तास पडद्यावर एकही शब्द बोलला जात नाही, पार्श्वसंगीताचा एक सूरही उमटत नाही. या शांततेची तारीफ पुष्कळांनी केली आहे. परंतु ज्या दिग्दर्शकाने ती निर्माण केली, त्याच्यावर स्वतःवर त्या वेळी केवढी शांतता लादली गेली होती याचा विचार क्वचितच होतो.

न्हाव्याचा मुलगा

डॅसिन हे नाव फ्रेंच वाटते, आणि पुढे युरोपात पुष्कळांनी त्याला फ्रेंचच समजले. वस्तुतः त्याचा जन्म १८ डिसेंबर १९११ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मिडलटाऊन येथे झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू निर्वासित. वडिलांचा व्यवसाय न्हाव्याचा. जूल्स लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. हार्लेम आणि ब्राँक्सच्या गरीब वस्त्यांत त्याचे बालपण गेले. तो ऐन विशीत शिरत असताना महामंदी आली. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते आणि धडधाकट माणसे भाकरीसाठी रांगेत उभी राहत होती. या अर्थव्यवस्थेत मुळातच काही तरी बिघडले आहे असे ज्यांना तेव्हा वाटले, त्यांत हा तरुणही होता. त्याने यिडिश भाषेतील कामगार रंगभूमीवर नट म्हणून काम केले आणि तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. १९३९ साली हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार होताच त्याने पक्ष सोडला. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण त्यानंतर बारा वर्षांनी त्याच सभासदत्वाची किंमत त्याच्याकडून वसूल केली गेली.

१९४० साली तो हॉलीवूडमध्ये गेला. आरंभी आल्फ्रेड हिचकॉकचे काम जवळून पाहण्याची संधी त्याला मिळाली. पुढे मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीत त्याने पो याच्या कथेवर एक लघुपट केला आणि मग कंपनी देईल ते चित्रपट तो करीत राहिला. स्वतःचा सूर त्याला सापडला तो युद्धानंतर. तुरुंगातील अत्याचारावरचा ‘ब्रूट फोर्स’ १९४७ साली आला. १९४८ साली ‘द नेकेड सिटी’ आला. त्याचे चित्रीकरण स्टुडिओतील बनावट रस्त्यांऐवजी न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर आणि खऱ्या गर्दीत केलेले होते. फळे वाहून नेणारे ट्रकचालक आणि त्यांना नाडणारे दलाल यांच्यावरचा ‘थीव्ह्ज हायवे’ १९४९ साली आला. मालाच्या बाजारात दुर्बळ विक्रेत्याची कोंडी कशी होते हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने हा चित्रपट जरूर पाहावा.

दारे मिटत गेली

याच काळात अमेरिकेचे राजकीय वातावरण झपाट्याने बदलत होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीने हॉलीवूडमधील लेखक-दिग्दर्शकांना पाचारण केले. दहा जणांनी आपल्या राजकीय मतांसंबंधीच्या प्रश्नांना उत्तर देण्याचे नाकारले आणि सभागृहाचा अवमान केल्याबद्दल पुढे ते तुरुंगात गेले. नोव्हेंबरमध्ये बड्या चित्रपट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात जमले आणि या दहा जणांना काम देणार नाही असे त्यांनी जाहीर केले. काळ्या यादीचा आरंभ येथे झाला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही घटना फार बोलकी आहे. विक्रेत्याच्या मक्तेदारीविषयी आपण नेहमी बोलतो. खरेदीदारांच्या मक्तेदारीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. चित्रपट दिग्दर्शकाचे कसब विकत घेणारे त्या देशात मूठभरच होते. हे मूठभर एकत्र आले की त्या कसबाची किंमत एका दिवसात शून्यावर येते. अशी यादी अधिकृतपणे कोणी छापली नाही, तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. ज्याचे नाव तीत येई, त्याला एवढेच जाणवे की आपल्या दूरध्वनीची घंटा वाजेनाशी झाली आहे.

आपली पाळी जवळ आली आहे हे डॅसिनला कळले ते ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स कंपनीचा प्रमुख डॅरिल झॅनक याच्याकडून. झॅनकने त्याला तातडीने लंडनला पाठविले आणि ‘नाइट अँड द सिटी’ हा चित्रपट सुरू करावयास सांगितले. जाताना त्याने एक व्यवहारी सल्लाही दिला. सर्वांत खर्चिक प्रसंग आधी चित्रित करावेत, म्हणजे एवढा पैसा गुंतल्यावर चित्रपट थांबविण्यास कंपनीचे वरिष्ठ धजणार नाहीत. एखादा मालक आपल्याच कंपनीपासून आपल्या नोकराचे संरक्षण करण्यासाठी खर्चाच्या हिशेबाचा असा उपयोग करतो, हे दृश्य विरळाच. १९५० साली चित्रपट पूर्ण झाला. परंतु त्याच्या संकलनात डॅसिनला भाग घेता आला नाही. कंपनीच्या आवारात पाऊल टाकणेच त्याला अशक्य झाले होते.

१९५१ च्या वसंत ऋतूत समितीपुढे एडवर्ड डमिट्रिक आणि फ्रँक टटल या दोन दिग्दर्शकांनी त्याचे नाव सांगितले. डमिट्रिक हा मूळच्या दहा जणांपैकीच एक. तुरुंगवास भोगून आल्यानंतर त्याने आपली भूमिका बदलली, सहकाऱ्यांची नावे दिली आणि त्याला पुन्हा काम मिळू लागले. पुढच्या वर्षी डॅसिनलाही समितीचे बोलावणे आले; मात्र त्याची सुनावणी लांबणीवर पडली आणि ती कधी झालीच नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शीतयुद्धाच्या त्या काळात हेरगिरीची भीती सर्वस्वी काल्पनिक नव्हती. परंतु भुताटकीची कथा आणि ट्रकचालकांची कथा पडद्यावर आणणाऱ्या माणसाजवळ राष्ट्राचे कोणते गुपित असणार होते? जी नावे समिती विचारीत असे त्यांतील बहुतेक तिला आधीच ठाऊक असत. तिला माहिती नको होती. तिला शरणागती हवी होती.

१९५३ साली डॅसिन पत्नी आणि तीन मुलांसह फ्रान्सला गेला. तेथे फर्नांदेल या लोकप्रिय विनोदी नटाचा ‘सार्वजनिक शत्रू क्रमांक एक’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट त्याच्याकडे आला. सर्व तयारी झाली आणि ऐन चित्रीकरणाच्या तोंडावर त्याला काढून टाकण्यात आले. डॅसिनने दिग्दर्शन केल्यास हा चित्रपट अमेरिकेत दाखवू दिला जाणार नाही, असा इशारा निर्मात्यापर्यंत पोहोचला होता. अमेरिकेच्या बाजारपेठेवर डोळा ठेवून काढलेला तो चित्रपट. निर्माता काय करणार? चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाने पूर्ण केला. यादी आता समुद्र ओलांडून आली होती. परक्या भाषेच्या देशात, पाच माणसांचे कुटुंब घेऊन, चाळिशी उलटलेला हा माणूस बेकार बसला. ‘नाइट अँड द सिटी’ आणि ‘रिफीफी’ यांमध्ये पाच वर्षांचे अंतर आहे. ते अंतर प्रतिभेच्या विश्रांतीचे नव्हे.

सहा दिवसांची पटकथा

अशा स्थितीत एका फ्रेंच निर्मात्याने त्याच्यासमोर ऑग्युस्त ल ब्रेतों याची गुन्हेगारी कादंबरी ठेवली. ‘रिफीफी’ हा पॅरिसच्या गुन्हेगारांच्या बोलीतला शब्द. त्याचा अर्थ साधारण आपल्या ‘राडा’ या शब्दासारखा. संपूर्ण कादंबरी याच बोलीत लिहिलेली असल्यामुळे डॅसिनला ती धड वाचताही येईना. दुसऱ्याकडून ती समजून घेतल्यावर त्याला तिचा उबग आला. तीत क्रौर्य होतेच; शिवाय त्यातील खलपुरुष उत्तर आफ्रिकी होते आणि वर्णद्वेषाचा दर्प पानोपानी येत होता. परंतु नकार देण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती. त्याने काम स्वीकारले आणि सहा दिवसांत पटकथा उभी केली. खलपुरुषांची जात-वंश त्याने काढून टाकला आणि कादंबरीत थोड्या पानांत उरकलेला दरोडा चित्रपटाच्या मध्यभागी आणून ठेवला. आपल्या पुस्तकाचे असे रूपांतर पाहून संतापलेला ल ब्रेतों भेटीस आला तो पिस्तूल टेबलावर ठेवूनच बोलू लागला, असे डॅसिन पुढे सांगत असे. डॅसिनला हसू आवरले नाही आणि दोघांची मैत्री जमली.

खर्चाची मर्यादा होती दोन लाख डॉलरची. एवढ्यात नामांकित तारा परवडणे शक्य नव्हते. म्हणून नायक टोनीच्या भूमिकेसाठी झां सर्व्हे या नटाची निवड झाली. एके काळी नाव मिळविलेला हा नट मद्यापायी मागे पडला होता. पाच वर्षांची कैद भोगून आलेल्या, खोकणाऱ्या, थकलेल्या गुन्हेगाराला जो चेहरा हवा होता तोच या तडजोडीतून मिळाला. नेपथ्यकार अलेक्झांद्र त्राउनेर हा त्या क्षेत्रातला अग्रणी. त्याने स्नेहाखातर अल्प मोबदल्यात काम केले. १९५४ च्या उत्तरार्धात पॅरिसच्या रस्त्यांवर चित्रीकरण सुरू झाले. ऊन पडले की डॅसिन काम थांबवी; त्याला ढगाळ आकाश आणि ओले, करडे रस्ते हवे होते. हातात पैसा बेताचा असताना उन्हाचे दिवस वाया घालविणे ही चैनच म्हणावी लागेल. परंतु ती एकच चैन त्याने केली, आणि चित्रपटाचा सारा रंग तिच्यातून आला.

अर्धा तास

दरोड्याच्या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. दुकानात धोक्याची घंटा अशी बसविलेली आहे की जरासा हादरा बसला तरी ती वाजू लागेल. म्हणून चौघे जण वरच्या मजल्यावर शिरून रात्रीच्या वेळी जमिनीला भोक पाडतात. भोक पुरेसे होताच त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडून ती उघडतात, म्हणजे फुटलेला गिलावा खाली पडून आवाज न होता छत्रीत गोळा व्हावा. मग दोरावरून उतरून आग विझविण्याच्या नळकांड्यातील फेस घंटेत भरून तिचा गळा बंद करतात आणि तिजोरी मागच्या बाजूने कापतात. छिन्नीचा दबलेला ठोका, घुसमटलेला खोकला, पियानोच्या पट्टीला चुकून लागलेला हात एवढेच आवाज प्रेक्षकाच्या कानी येतात.

संगीतकार झोर्झ ओरिक याने या प्रसंगासाठी भरघोस संगीत रचले होते. डॅसिनने त्याला तो प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोन्ही प्रकारे दाखविला. आपले संगीत काढून टाकावे असा कौल ओरिकनेच दिला. दुसऱ्याच्या कामासाठी आपले श्रम बाजूस सारणारा असा सहकारी लाभणे हेही भाग्यच.

या प्रसंगाचे रहस्य माझ्या मते भीतीपेक्षा श्रमात आहे. ही माणसे चोर आहेत हे आपण विसरत नाही. परंतु अर्धा तास आपण पाहतो ते चार कारागिरांचे काम. हत्यारे हाताळण्याची सफाई, न बोलता होणारी कामाची वाटणी, घामेजलेले कपाळ, पहाटेपूर्वी काम संपविण्याची घाई! स्वतःचे कसब हातात असून पाच वर्षे ते वापरावयास न मिळालेल्या माणसाने हे चित्रण केले आहे. कामात बुडून जाण्याचा आनंद त्याला किती हवासा झाला असेल, हे त्या अर्ध्या तासात दिसून येते. पुढे काही देशांत चोरीचे शिक्षण देणारा म्हणून या चित्रपटावर बंदी आली. त्यावर डॅसिनचे म्हणणे असे होते की, चोरी करणे किती कष्टाचे आहे तेच आपण दाखविले आहे.

चाडीची शिक्षा

परंतु ज्या कारणासाठी हा चित्रपट डॅसिनच्या चरित्रात मध्यभागी ठेवावा लागतो, ते कारण दरोड्यानंतरच्या भागात आहे. चौघांपैकी सेझार हा इटलीहून आलेला तिजोरीफोड्या. ठरलेला इटालियन नट ऐन वेळी मिळेना, म्हणून डॅसिनने ‘पेर्लो विता’ हे टोपणनाव घेऊन ती भूमिका स्वतःच केली. हा सेझार लुटीतली एक अंगठी एका गायिकेला देतो आणि तेथून सर्वनाशाला प्रारंभ होतो. प्रतिस्पर्धी टोळी त्याला पकडते. भीतीपोटी तो साथीदाराचे नाव सांगतो. तो साथीदार आणि त्याची प्रेयसी मारली जातात. बांधून ठेवलेला सेझार टोनीला सापडतो. टोनीला तो आवडत असतो. पण नाव सांगणाऱ्याला क्षमा नाही हा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि सेझारही तो नियम नाकारीत नाही. टोनी त्याला गोळी घालतो.

हा प्रसंग घेताना हॉलीवूडमधील ज्या मित्रांनी नावे सांगितली ते आपल्या मनात होते, हे डॅसिनने पुढे मोकळेपणाने मान्य केले. ज्याचे नाव सांगितले गेले, त्यानेच नाव सांगणाऱ्याचे सोंग घेतले आणि त्याची शिक्षाही आपल्या अंगावर घेतली! हा योग नट न मिळाल्यामुळे आला हे खरे. तरीही त्याने सेझारला तिरस्करणीय केले नाही. तो भित्रा आहे, लोभी आहे, पण माणूस आहे. त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न तो प्रेक्षकापुढे टाकतो. टोनीलाही त्याने न्यायाचा पुतळा केलेले नाही. आपल्या जुन्या प्रेयसीला पट्ट्याने फोडून काढणारा हा माणूस. मित्राच्या मुलाला वाचवून त्याच्या आईपाशी आणून सोडताना मोटारीच्या चाकावरच तो प्राण सोडतो. या कथेत न्याय करावयास कोणीच लायक नाही. माझ्या वाचनाप्रमाणे डॅसिनचा राग नावे सांगणाऱ्यांवर आहेच. पण त्याहून अधिक आहे तो ज्या भीतीने माणसे नावे सांगतात त्या भीतीवर.

१९५५ च्या कान महोत्सवात या चित्रपटासाठी डॅसिनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. ते त्याला विभागून मिळाले, आणि दुसरा मानकरी होता सेर्गेई वासिल्येव हा सोव्हिएत दिग्दर्शक! कम्युनिस्ट म्हणून हाकललेला अमेरिकन फ्रान्सच्या वतीने रशियनाबरोबर पारितोषिक घेत आहे. इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते. अमेरिकेतील वितरणाचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा जुनी अट पुढे आली: आपण पूर्वी फसविले गेलो होतो असे जाहीर करून भूतकाळाचा त्याग करावा, नाही तर नामावलीतून नाव गाळले जाईल. डॅसिनने नकार दिला. अखेर एका आडवळणी कंपनीमार्फत चित्रपट प्रदर्शित झाला, आणि तोही त्याच्या नावानिशी. डाल्टन ट्रंबोचे नाव १९६० साली पडद्यावर झळकले तेव्हा काळी यादी मोडली असे मानतात. पण तिला पहिली भेग पाडणाऱ्यांत ‘रिफीफी’ची गणना केली पाहिजे.

दुसरी मातृभूमी

कान येथेच त्याची गाठ ग्रीक अभिनेत्री मेलिना मर्कुरी हिच्याशी पडली आणि त्याच्या आयुष्याला नवे वळण लागले. काझान्झाकिस याच्या कादंबरीवरचा ‘जो मेलाच पाहिजे’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट त्याने १९५७ साली क्रीट बेटावर केला. १९६० च्या ‘नेव्हर ऑन सन्डे’ने दोघांना जगभर कीर्ती दिली. १९६४ साली ‘टॉपकापी’मध्ये त्याने पुन्हा दरोडा रंगविला, या वेळी इस्तंबूलमध्ये, विनोदी ढंगाने. पहिल्या पत्नीशी घटस्फोट झाल्यानंतर १९६६ साली त्याने मेलिनाशी विवाह केला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. मेलिनाचे नागरिकत्व हिरावले गेले. डॅसिनवर राजवटीविरुद्धच्या कटास पैसा पुरविल्याचा आरोप ठेवण्यात आला. एकाच आयुष्यात दोन देशांच्या सत्तेचे वाकडे व्हावे, आणि त्यांतील एक देश स्वतःला लोकशाहीचा रक्षक म्हणवीत असावा, हे विलक्षण होय.

१९७४ साली ती राजवट कोसळली आणि दोघे परतले. मेलिना १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आली, १९८१ पासून सांस्कृतिक मंत्री झाली आणि ब्रिटिश म्युझियममधील पार्थेनॉनची शिल्पे परत मिळविण्यासाठी झटली. डॅसिनच्या वाट्याला या काळात दुःखेही आली. फ्रान्समध्ये गायक म्हणून अफाट लोकप्रिय झालेला त्याचा मुलगा जो १९८० साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेला. १९९४ साली मेलिना गेली. तिच्या नावाची संस्था काढून तिचे शिल्पांचे काम पुढे नेण्यात डॅसिनने उरलेली वर्षे घालविली. ३१ मार्च २००८ रोजी अथेन्समध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्या नव्या ॲक्रोपोलिस संग्रहालयाचे स्वप्न दोघांनी पाहिले, त्याचे उद्घाटन पुढच्या वर्षी, २००९ मध्ये झाले.

हिशेब

डॅसिनच्या कीर्तीचे श्रेय काळ्या यादीला देण्याचा मोह काही टीकाकारांना होतो. संकटामुळेच उत्तम कला जन्मास येते हे वचन ऐकावयास बरे वाटते. पण हा हिशेब एकतर्फी आहे. जमेच्या बाजूला ‘रिफीफी’ दिसतो, कारण तो निर्माण झाला. ३८ ते ४३ या ऐन उमेदीच्या वयात जे चित्रपट निर्माण झालेच नाहीत ते खर्चाच्या बाजूला कोण मांडणार? शिवाय डॅसिन तगला; त्याच यादीतले कितीतरी जण पुन्हा उभे राहू शकले नाहीत. अर्थशास्त्रात आपण गमावलेल्या संधीलाही खर्च मानतो. माणसांच्या बाबतीत मात्र तो खर्च कोणत्याच ताळेबंदात येत नाही, आणि म्हणूनच अशा याद्या करणाऱ्यांना त्या स्वस्त वाटतात.

अशा याद्यांना हॉलीवूडच लागते असेही नाही. जेथे काम देणारे थोडे आणि काम मागणारे पुष्कळ, तेथे त्या न लिहिताच तयार होतात. कोणत्याही कचेरीत किंवा शिक्षणसंस्थेत एखाद्या सहकाऱ्याच्या मतांविषयी वरिष्ठ खाजगीत चौकशी करतात तेव्हा आपल्यापुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो सेझारपुढे उभा होता. फरक इतकाच की आपल्यावर कोणी पिस्तूल रोखलेले नसते. असते ती बढती, बदली आणि महिनाअखेरचा पगार. त्या वेळी गप्प राहता येणे ही साधी गोष्ट नव्हे. शांततेचे मोल जाणणाऱ्या या दिग्दर्शकाचे चरित्र तेवढ्यासाठी तरी लक्षात ठेवावे.